मंगळसूत्र, हिजाब, पगडी, तुळशीमाळ: परीक्षेला आणि कॉलेजला जाताना काय करायचं

मी नांदेडला ज्युनिअर कॉलेजात शिकवते आणि गेली अकरा वर्षं परीक्षांच्या ड्युट्या करतेय, त्यात बहुतेक वेळा माझी नेमणूक गेटवरच होते कारण मुलींची झडती घ्यायला बाईच लागते. त्यामुळे कोणाच्या गळ्यात काय असतं, डोक्यावर काय असतं, दंडाला काय बांधलेलं असतं हे मी हजारोंच्या संख्येने बघितलंय. दर वर्षी सीझन आला की ओळखीतले पालक फोन करून तेच तेच विचारतात, मॅडम स्कार्फ चालेल का, मॅडम मंगळसूत्राचं काय करायचं, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवते.

आधी एक प्रसंग सांगते. एका भरतीच्या परीक्षेला, केंद्राचं नाव घेत नाही, पंचविशीतली एक मुलगी आली होती, लग्न होऊन वर्षही झालं नसेल. गेटवरचा माणूस म्हणाला मंगळसूत्र काढा. ती म्हणाली दादा नुसती काळी पोत आहे, दोनच मणी सोन्याचे आहेत, बघा ना. तो म्हणाला काढा नाहीतर बाजूला व्हा, मागे लाईन आहे. तिने काढलं. तिची सासू गेटबाहेर उभी होती, तिच्या हातात ते दिलं तर त्या माऊलीने काही न बोलता पदराच्या टोकात ते बांधलं, गाठ मारली, आणि आपल्याच कपाळाचं कुंकू बोटाला लावून सुनेच्या गळ्याशी टेकवलं, जिथे पोत असते तिथे. मुलगी आत गेली पण तिचा चेहरा असा झाला होता की पहिला तास तिने काय लिहिलं असेल देवाला माहीत. आपल्याकडे मंगळसूत्र कधी काढतात हे सांगायला नको. आणि खरं सांगायचं तर ते काढायची काहीच गरज नव्हती, एका बाईने पडद्याआड दोन सेकंद हातात घेऊन बघितलं असतं तरी भागलं असतं.

श्रद्धा कपड्यातून दाखवावी का हा प्रश्न लोक मोठमोठ्याने भांडत विचारतात पण माझ्यासमोर तो रोज असा येतो, दहा सेकंदात, लाईनीत. माझं मत इतक्या वर्षांत पक्कं झालंय, की ज्याचं डोकं आणि ज्याचा गळा त्याने ठरवावं, आणि बाकीच्यांनी सोय करावी. ही सोय कशी करायची, विद्यार्थ्याने काय करायचं, आईबापाने काय, केंद्रवाल्यांनी काय, तेच पुढे लिहिलंय.

सगळ्यात आधी घरात बसून एक गोष्ट करा. मुलाला किंवा मुलीला एकटं घेऊन, आजी-आजोबा समोर नसताना, सरळ विचारा की हे तुला घालायचंय का. आणि उत्तर काहीही आलं तरी रागावू नका. मी अशा मुली बघितल्यात ज्या घरच्यांचा विरोध असताना हट्टाने हिजाब घालतात आणि अशाही बघितल्यात ज्या कॉलेजच्या कोपऱ्यावर स्कार्फ काढून बॅगेत ठेवतात आणि संध्याकाळी परत बांधतात. तसंच मुलांचं, काही पोरं वडिलांनी घातलेली माळ मनापासून पाळतात आणि काही शर्टाचं वरचं बटण लावून लपवतात. दोघंही आपलीच लेकरं आहेत. महाराष्ट्राला हे वेगळं सांगावं लागू नये, कारण आपल्याकडे विधवेचं केशवपन करून तिला आलवण, म्हणजे विधवेचं लाल लुगडं, नेसायला लावायचे तेही धर्माच्याच नावाने, तिला कोणी विचारलं होतं का? नारायण मेघाजी लोखंड्यांसारख्या सत्यशोधकांनी पुढाकार घेतला आणि नाभिकांनीच वस्तरा चालवायला नकार दिला, तिथून ते हलायला लागलं. आणि अगदी परवापरवाची गोष्ट, कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करा म्हणून परिपत्रक काढलं. म्हणजे घालायला लावणं काय आणि काढायला लावणं काय, दोन्हीत बाईला विचारलेलंच नसतं. म्हणून आधी विचारा. मुलगी म्हणाली मला नाही घालायचं तर विषय तिथेच संपला, पुढचं काही वाचायची गरज नाही. हो म्हणाली तर पुढे वाचा.

आता नियम वाचायचे. इथे लोक फार चुकतात, व्हॉट्सॲपवर आलेलं फॉरवर्ड वाचतात आणि मूळ माहितीपत्रक उघडतच नाहीत. नीटचं उदाहरण घ्या. नीटच्या ड्रेस कोडमध्ये लांब बाह्यांचे कपडे नको, बूट नको, कमी टाचेच्या चपला-सँडल चालतील असं सगळं असतं, पण त्याच्याच खाली एक ओळ असते जी कोणी वाचत नाही, की पारंपरिक किंवा प्रथेप्रमाणे पोशाख घालून येणाऱ्यांनी शेवटच्या रिपोर्टिंग वेळेच्या किमान एक तास आधी केंद्रावर यावं, म्हणजे झडती व्यवस्थित होईल. दीडला गेट बंद होत असेल तर साडेबाराला तिथे हजर. म्हणजे हिजाबला, पगडीला बंदी नाहीये, फक्त लवकर या म्हणतात. आणि मुलींची झडती बंद जागेत बाईनेच घ्यायची हेही त्यात असतं. ही पानं प्रिंट काढून हायलाईट करून हॉल तिकिटासोबत ठेवा. दर वर्षी नवीन माहितीपत्रक येतं, तर त्याच वर्षीचं घ्या, मोठ्या बहिणीच्या वेळचं नको, आणि नीटचा नियम एमपीएससीला किंवा रेल्वेला लागू असेलच असं समजू नका, प्रत्येक परीक्षेचं वेगळं असतं.

हे लवकर यायचं कुठून आलं तेही सांगते कारण पालकांना वाटतं आपल्यावर मेहेरबानी केलीय. २०१५ मध्ये केरळच्या दोन मुली एआयपीएमटीसाठी, म्हणजे नीटच्या आधीची जी परीक्षा होती ती, हायकोर्टात गेल्या होत्या, की आम्हाला स्कार्फ आणि पूर्ण बाह्या घालू द्या. कोर्टाने परवानगी दिली आणि अट घातली की अर्धा तास आधी यायचं आणि महिला पर्यवेक्षकाला तपासू द्यायचं. मला हा तोडगा फार आवडतो. कॉपी थांबवायची तर तपासणी पाहिजेच, आणि श्रद्धा ठेवायची तर वेळ पाहिजे, मग वेळ वाढवा, संपलं. त्याच वर्षी जुलैमध्ये सुप्रीम कोर्टाने सगळ्यांना सरसकट सूट द्यायला नकार दिला होता हेही खरं आहे, म्हणून कोर्टाच्या भरवशावर आयत्या वेळी गेटवर भांडू नका, तयारी घरूनच करून या.

तयारी म्हणजे काय तर मशीनला आणि माणसाला शंका येईल असं काही अंगावर ठेवायचं नाही. आमच्या हातातलं ते मशीन धातूला वाजतं, श्रद्धेला वाजत नाही.

हिजाबवाल्या मुलींनो, टाचण्या नकोत. एका स्कार्फला सहा सहा पिना लावून येतात, मग प्रत्येक पिनेला मशीन वाजतं आणि प्रत्येक वेळी मला थांबावं लागतं, आणि मागच्या लाईनीतले कुरकुर करतात. ते मॅग्नेटवाले पण नको, ते दिसायला छोट्या डिव्हाइससारखे दिसतात. शिवलेला, डोक्यातून सरळ घालायचा असा होजिअरीचा स्कार्फ मिळतो, आत अंडरकॅप, एकही पिन नाही, परीक्षेसाठी त्याच्यासारखं काही नाही. एकच थर ठेवा, गडद जाड कापडापेक्षा हलकं कापड बरं, मे महिन्यात नांदेडला पंखा असून नसल्यासारखा असतो. कान दाखवावे लागतील, कारण ब्लूटूथचा बारीक मणी कानातच लपवतात, तर पडद्याआड बाईसमोर कान दाखवायची मनाची तयारी ठेवून या. नकाब असेल तर ओळख पटवताना चेहरा दाखवावाच लागतो, हॉल तिकिटावरच्या फोटोशी जुळवायचा असतो, त्याला पर्याय नाही. आणि हो, फॉर्मचा फोटो काढतानाच विचार करा, स्कार्फ घालून काढला तरी हनुवटीपासून कपाळापर्यंत चेहरा स्पष्ट दिसला पाहिजे.

मंगळसूत्राचं म्हणाल तर मोठं वाटीचं घरी ठेवा आणि नुसत्या काळ्या मण्यांची पोत घाला, दोऱ्यात ओवलेली, सोनं नसलेली किंवा अगदी एखादा मणी. बऱ्याच बायका परीक्षेसाठी अशी वेगळी पोत ओवूनच ठेवतात. जोडवी वर्षानुवर्षं घातलेली असतील आणि निघत नसतील तर आदल्या रात्री साबण लावून बघा, निघाली तर ठीक, नाही निघाली तर चप्पल घालून या म्हणजे ती उघडी दिसतात आणि शंका राहत नाही.

तुळशीमाळेला मशीन वाजत नाही, ती लाकडाची. पण ज्याने माळ घातलीय त्याला ती काढ म्हणणं म्हणजे काय हे गेटवरच्या बाहेरगावच्या माणसाला माहीत नसतं. पांडुरंगाची माळ म्हणजे दागिना नाही, मांस-दारू सोडल्याचा शब्द आहे तो, आणि माळ तुटली तर दुसरी घालेपर्यंत अन्नाला न शिवणारे लोक आमच्या मराठवाड्यात गावोगावी आहेत. तर मुलाला हे एका वाक्यात शांतपणे सांगता आलं पाहिजे, घरी प्रॅक्टिस करून घ्या. खूप पदरी माळ असेल तर त्या दिवशी एक पदरी घाला. गोपीचंदन, बुक्का, टिळा, कुंकू याला आमच्याकडे कधीच अडचण आली नाही.

जानव्याला किल्ली बांधलेली असेल तर ती सोडा, अर्धे प्रॉब्लेम त्या किल्लीनेच होतात. बाकी जानवं म्हणजे सुताचे धागे, त्यात काय लपवणार. तरी आपल्या शेजारच्या बीदरला एप्रिल २०२५ मध्ये कर्नाटकच्या सीईटीच्या केंद्रावर जानवं काढ म्हणून एका मुलाला गणिताच्या पेपरला बसूच दिलं नाही, नंतर गदारोळ झाला, केंद्रातल्या लोकांवर कारवाई झाली, पण त्या पोराची ती सकाळ कोण परत देणार. म्हणजे हे एका धर्माच्या मुलांपुरतं नाहीये हे लक्षात घ्या. आज दुसऱ्याच्या पोरीचा स्कार्फ काढला तेव्हा टाळ्या वाजवल्या तर उद्या आपल्या पोराचं जानवं काढताना कोणाला हाक मारणार.

ताईत हा खरा डोकेदुखीचा प्रकार. चांदीची किंवा तांब्याची नळी असते, आत कागद असतो, आणि कागद म्हटलं की चिठ्ठी. त्याला सरळ घरी देवापाशी किंवा उशाशी ठेवून या, किंवा मौलवींना, गुरुजींना आधीच विचारा की एक दिवस काढला तर चालेल का, बहुतेक वेळा चालतं म्हणतात. मनगटावर दहा-बारा गंडेदोरे असतील, जत्रेचे, दर्ग्याचे, राखीचे, तर एक ठेवून बाकीचे काढा, जाड गठ्ठा झाला की त्याच्याखाली बघावंच लागतं.

शीख मुलांबद्दल आमच्या नांदेडमध्ये फारसं शिकवावं लागत नाही, सचखंड हुजूर साहिब गुरुद्वारा इथलाच, गेटवरच्या शिपायालासुद्धा माहीत असतं की पगडीला हात लावायच्या आधी विचारायचं. पण परीक्षेला दुसऱ्या जिल्ह्यात नंबर लागला तर तिथे माहीत असेलच असं नाही. पगडीवर मशीन फिरवता येतं, ती उतरवायची गरज नसते, हातातलं कडं आणि केसांतला कंगा, म्हणजे छोटा कंगवा, आधीच स्वतःहून दाखवा. कृपाणाबद्दल घटनेच्या कलम २५ च्या स्पष्टीकरणातच लिहिलंय की कृपाण धारण करणं हा शीख धर्माचा भाग मानला जाईल, देशातल्या विमानांत सुद्धा एकूण नऊ इंच आणि पातं सहा इंच इथपर्यंतची कृपाण शीख प्रवाशांना चालते. तरी परीक्षेला लहानात लहान आणि कपड्याच्या आत घालून या, आणि केंद्रप्रमुखाला आदल्या दिवशी जाऊन भेटून या. दुचाकीवर पगडीला हेल्मेटमधून सूट आहे तीही मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्ये, कोणाची मर्जी म्हणून नव्हे. मग जो कायदा पगडीला इतकं समजून घेतो त्याने एका ओढणीलाही समजून घ्यायला हरकत नाही असं माझं प्रामाणिक मत आहे.

गुरुद्वारात डोकं झाकल्याशिवाय कोणालाच आत सोडत नाहीत, दारात रुमाल ठेवलेले असतात, आमच्या शाळेच्या सहली जातात तेव्हा सगळ्या जातीधर्माची पोरं ते भगवे-निळे रुमाल बांधतात, एकमेकांची गाठ मारून देतात, आणि बाहेर आल्यावर परत ठेवतात. कोणाचा धर्म त्याने बुडालेला मी पाहिला नाही. पोरांना हे करायला जरूर न्या, दुसऱ्याच्या डोक्यावरच्या कापडाची भीती तिथे जाते.

आता गेटवर अडवलं तर काय करायचं. आवाज चढवायचा नाही, कारण वेळ तुमची जातेय, त्याची नाही. म्हणायचं, मी तपासणीला तयार आहे, महिला कर्मचाऱ्यांकडून आडोशाला करा, आणि हे माहितीपत्रकातलं पान बघा. तरी ऐकलं नाही तर म्हणायचं केंद्रप्रमुखांना बोलवा. शिपायाशी वाद घालून उपयोग नाही, निर्णय त्याच्या हातात नसतो. आणि समजा तरीही काढच म्हणाले, तर त्या क्षणी काय करायचं हे घरी आधीच ठरवून ठेवा, ते गेटवर ठरवायला लावू नका लेकराला. काही जण काढून आत जातील, वर्षभराची मेहनत असते, त्यांना दोष देऊ नका, काही जण नाही काढणार, त्यांनाही नाही. मात्र पेपर झाल्या झाल्या त्याच दिवशी तारीख, वेळ, गेट, काय बोलले हे कागदावर लिहा आणि परीक्षा घेणाऱ्या संस्थेला मेल करा. महिनाभराने लिहिलेल्याला वजन राहत नाही.

परीक्षा एका दिवसाची, कॉलेज तीन वर्षांचं, तिथलं गणित वेगळं आहे. तिथे गणवेश असतो आणि कॉलेजला नियम करायचा अधिकारही असतो. कर्नाटकातल्या उडुपीच्या सरकारी कॉलेजातल्या हिजाबबंदीचं प्रकरण सगळ्यांना माहीत आहे, कर्नाटक हायकोर्टाने १५ मार्च २०२२ ला सरकारच्या बाजूने निकाल दिला आणि सुप्रीम कोर्टात १३ ऑक्टोबर २०२२ ला दोन न्यायमूर्तींची दोन मतं पडली, एकाने बंदी योग्य ठरवली, दुसऱ्याने रद्द, म्हणून प्रकरण सरन्यायाधीशांकडे मोठ्या खंडपीठासाठी गेलं. आपल्याकडे चेंबूरच्या एका कॉलेजने हिजाब, नकाब, बुरखा, टोपी, बॅज असं सगळं बंद केलं, नऊ मुली मुंबई हायकोर्टात गेल्या, २६ जून २०२४ ला याचिका फेटाळली गेली, मग ९ ऑगस्ट २०२४ ला सुप्रीम कोर्टाने हिजाब, टोपी, बॅजवरच्या बंदीला स्थगिती दिली पण वर्गात बुरखा चालणार नाही असंही सांगितलं. टिळा लावणाऱ्याला अडवणार का, आणि मुलांच्या नावावरून धर्म कळत नाही का, असे प्रश्न तिथे न्यायमूर्तींनी कॉलेजला विचारले होते, ते वाचून मला वर्गातली हजेरी आठवली, रोज पन्नास नावं घेते मी, त्यात सगळ्यांचा धर्म येतोच की.

तर कॉलेजसाठी करायचं ते हे. ॲडमिशनच्या आधी प्रॉस्पेक्टस मागून ड्रेस कोड वाचा, नंतर नाही. अडचण वाटली तर तोंडी विचारू नका, अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्ज लांबलचक नको, मी पालकांना असा लिहून देते: "माझी मुलगी गणवेशाच्याच रंगाचा स्कार्फ, चेहरा पूर्ण उघडा ठेवून वापरू इच्छिते. लॅबमध्ये आणि खेळाच्या तासाला सुरक्षेसाठी तो आत खोचून घेईल. ओळखपत्र तपासणीस तिची हरकत नाही. कृपया लेखी परवानगी मिळावी." बस, एवढंच. यात तुम्ही काय सोय मागताय आणि काय जबाबदारी घेताय दोन्ही आलं, आणि प्राचार्यांना हो म्हणायला सोपं जातं. रंगाचा मुद्दा मोठा आहे, गणवेशाच्याच रंगाचा स्कार्फ असला की निम्मा विरोध मावळतो. लॅबमध्ये मात्र हट्ट करू नका, बर्नरजवळ लोंबणारी ओढणी मग ती कोणत्याही धर्माची असो पेटते, मी एकदा ओढणीचं टोक पेटलेलं माझ्या हाताने विझवलंय, तळहातावर डाग आहे अजून.

परदेशात शिकायला किंवा राहायला जाणाऱ्यांनी तिथला कायदा आधी बघावा. फ्रान्समध्ये २००४ पासून सरकारी शाळांत ठळक धार्मिक चिन्हांना बंदी आहे, हिजाब, पगडी, मोठा क्रॉस सगळं त्यात येतं, गळ्यातलं छोटं पेंडंट चालतं. पोरांना घेऊन नोकरीसाठी जाणार असाल तर शाळा निवडतानाच हे माहीत असू द्या.

शेवटी माझ्यासारख्या ड्युटीवाल्यांसाठी थोडं. झडती घेताना "काढा" हा शब्द पहिला वापरू नका, "बघू का" म्हणा. पगडीला, हिजाबला, माळेला हात लावायच्या आधी विचारा, आणि शक्यतो त्यांनाच उचलून दाखवायला सांगा. मुलींच्या लाईनीला दोन बायका ठेवा, एक नाही, कारण एकीला उशीर लागला की मागून पुरुष कर्मचारी ओरडायला लागतो. काही काढावंच लागलं तर ते कागदी पाकिटात घालून वर रोल नंबर लिहा आणि त्याच्या हातात पावती द्या, टेबलावर ढिगात टाकू नका. आणि पडदा म्हणजे खरंच पडदा पाहिजे, बेंचवर टाकलेली चादर नव्हे. आम्ही आता आमच्या केंद्रावर पडद्याच्या आत भिंतीला एक वीतभर आरसा टांगतो आणि खाली खुर्ची ठेवतो, कारण स्कार्फ सोडून दाखवला की मुलीला तो परत नीट बांधायला एखादं मिनिट आणि आरसा लागतोच. बाजारात साठ-सत्तर रुपयांना मिळतो, या वर्षीच्या खर्चात लिहून टाका.